गेम खेळायला डिस्कॉर्डची सक्ती? आत जाताना एवढं बघा

माइनक्राफ्ट या गेमचे बरेच सर्व्हर ‘आधी आमच्या डिस्कॉर्डवर या, मग व्हाइटलिस्ट करू’, म्हणजे खेळायला परवानगी असलेल्यांच्या यादीत घालू, म्हणतात. डिस्कॉर्ड हे चॅट अ‍ॅप; त्यावरच्या ग्रुपलाही सर्व्हरच म्हणतात. जायला हरकत नाही. पण व्हेरिफिकेशनच्या नावाखाली तिथल्या बॉटने (आपोआप चालणाऱ्या खात्याने) क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला, तर तिथूनच मागे फिरा. डिस्कॉर्डच्या मोबाइल अ‍ॅपमधून तो स्कॅन करून होकार दिलात, की समोरचा थेट तुमच्या खात्यात. पासवर्डही लागत नाही. खरं व्हेरिफिकेशन बहुधा साधं असतं: गेममध्ये दिसलेला कोड बॉटला द्यायचा, झालं. बॉटने तुमच्या खात्यासाठी परवानग्या मागितल्या, तर ‘ऑथराइझ’ दाबण्याआधी त्या वाचा. तुमच्या वतीने दुसरे डिस्कॉर्ड सर्व्हर जॉइन करायची परवानगी मागितली, तर मी तरी नाहीच म्हणतो. आत गेल्यावर त्या डिस्कॉर्ड सर्व्हरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डायरेक्ट मेसेज बंद करा. फुकट नायट्रोचं (डिस्कॉर्डच्या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाचं) आमिष दाखवणारे तिथूनच टपकतात.