कोणता पोर्ट ब्लॉक होईल? स्पॅनिंग ट्री शिकणाऱ्या नवोदितांसाठी

नेटवर्किंगमधल्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत स्पॅनिंग ट्रीवर (एसटीपी, म्हणजे स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल: जादाच्या लिंक बंद ठेवून स्विचच्या जाळ्यात माहिती गोल गोल फिरत राहणं टाळणारी पद्धत) प्रश्न येतोच. ‘एसटीपी कशासाठी?’ असं विचारलं की ‘लूप टाळण्यासाठी’ हे उत्तर सगळेच देतात. मी मुलाखत घेतो तेव्हा फळ्यावर ३ स्विच काढतो, त्रिकोणात जोडतो आणि विचारतो, यातला कोणता पोर्ट ब्लॉक होईल आणि का? इथे बरेच जण अडकतात. क्लासमध्ये व्याख्या पाठ झालेल्या असतात, टायमर पाठ असतात, पण समोरचं चित्र पाहून निकाल सांगायची सवय नसते. खरं तर हा सगळा विषय त्या एका सवयीचा आहे.

आधी लूप काय करतो ते नीट समजून घ्या. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे आयुष्य मोजणारा आकडा, असतो, प्रत्येक राउटरवर तो १ ने कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेममध्ये असं काहीच नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची फ्रेम, आला की स्विच तो आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. स्विच गोलाकार जोडलेले असतील तर तीच फ्रेम दोन्ही दिशांनी फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक पीसीच्या दारात तिची प्रत जाऊन पडते. नवीन एआरपी (‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारणाऱ्या फ्रेम) येतात, त्यात भर पडते, जुनं मात्र काही संपत नाही. काही सेकंदांत लिंक भरून जातात.

चाकणच्या एका कारखान्यात मी हे जवळून पाहिलं आहे. आधी डिस्पॅचचे बारकोड स्कॅनर थांबले, मग फोन गेले. सर्व्हर रूममध्ये गेलो तर रॅकमधल्या सगळ्या स्विचचे हिरवे दिवे एकाच लयीत, न थांबता लुकलुकत होते. एरवी ते आपापल्या चालीने चमकतात, त्यामुळे हे दृश्य एकदा पाहिलं की पुन्हा ओळखू येतं. कन्सोलवर एक अक्षर टाइप केलं की ते दिसायला वेळ लागत होता, सीपीयू जवळपास पूर्ण भरलेला. लॉगमध्ये एकच मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) क्षणात या पोर्टवर, क्षणात त्या पोर्टवर दिसत होता. अशा वेळी कमांडवर विसंबून बसू नका. कोअर, म्हणजे मध्यवर्ती, स्विचला मजल्यांवरून येणाऱ्या लिंक (अपलिंक) एकेक करून काढा आणि दिव्यांकडे पाहा. एका मजल्याची अपलिंक काढली आणि बाकीचे दिवे निवळले. त्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये टेबलाखाली ५ पोर्टांचा साधा अनमॅनेज्ड (कॉन्फिगर करता न येणारा) स्विच होता. पॅच कॉर्डचं एक टोक लोंबकळताना पाहून कुणीतरी ते नीटनेटकं म्हणून त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये.

मग एसटीपी चालू असूनही हे झालं कसं? त्या भिंतीवरच्या पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये बीपीडीयू फिल्टर होता. बीपीडीयू म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे छोटे संदेश. नवीन माणसाला ‘फिल्टर’ आणि ‘गार्ड’ हे शब्द सारखेच वाटतात, काम मात्र उलट आहे. पोर्टवर थेट फिल्टर लावला की स्विच त्या पोर्टवर बीपीडीयू पाठवत नाही आणि आलेले ऐकतही नाही, म्हणजे तिथे स्पॅनिंग ट्री जवळजवळ बंदच. गार्ड मात्र बीपीडीयू दिसताक्षणी पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे बंद, करतो. तिथे गार्ड असता, तर स्विचने पाठवलेला बीपीडीयू त्या छोट्या स्विचमधून फिरून परत आला असता आणि एकच भिंतीवरचा पोर्ट बंद पडला असता. पीसी, प्रिंटर लागतात त्या पोर्टवर पोर्टफास्ट (वाट न पाहता पोर्ट लगेच सुरू करणारी सेटिंग) आणि बीपीडीयू गार्ड अशी जोडीच लावा. एक लक्षात असू द्या, काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत, तिथे गार्डलाही काही कळत नाही. म्हणून जोडीला ब्रॉडकास्टच्या पुरावर मर्यादा घालणारा स्टॉर्म कंट्रोलही हवा.

आता मूळ कल्पनेकडे. ती रेडिया पर्लमन यांची, १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना. जादाच्या लिंक काढून न टाकता, त्यातल्या काही फक्त झोपवून ठेवायच्या आणि गरज पडली की जागं करायचं. १९९० मध्ये आयईईई ८०२.१डी हे मानक झालं. हे मला आजही फार सुंदर वाटतं, कारण कोणत्याही स्विचकडे संपूर्ण नेटवर्कचा नकाशा नसतो. एक स्विच रूट, म्हणजे सगळ्या झाडाचं मूळ, ठरतो आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला एवढंच सांगतो, ‘माझ्या मते रूट हा, आणि तिथवर माझा खर्च इतका.’ एवढ्या माहितीवर सगळे एकाच निष्कर्षाला येतात.

निकाल काढायची रीत अशी. सगळ्यांत लहान ब्रिज आयडी ज्याचा, तो रूट. ब्रिज आयडी म्हणजे प्रायॉरिटी आणि तिच्यामागे मॅक अ‍ॅड्रेस. प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते आणि ४०९६ च्या पटीतच बदलता येते. सिस्कोच्या स्विचवर व्हीलॅन १ साठी (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर केलेलं वेगळं आभासी नेटवर्क) ३२७६९ दिसलं तर गोंधळू नका, व्हीलॅनचा क्रमांक त्यात मिळवलेला असतो. रूट ठरला की बाकीचे स्विच त्याच्याकडे जाणारा सगळ्यांत स्वस्त रस्ता शोधतात. जुन्या पद्धतीत १०० एमबीपीएसचा खर्च १९, १ जीबीपीएसचा ४, १० जीबीपीएसचा २. बरोबरी झाली तर आधी समोरच्याचा ब्रिज आयडी पाहायचा, मग त्याचा पोर्ट आयडी, आणि जे लहान ते जिंकतं.

आता पॅकेट ट्रेसर, म्हणजे सिस्कोचं नेटवर्क सरावाचं सॉफ्टवेअर, उघडा. २९६० मॉडेलचे ३ स्विच घ्या, त्याला गिगाबिटचे नेमके २ पोर्ट असतात, त्रिकोणाला पुरतात. त्यांना अ, ब, क म्हणा, मॅक अ‍ॅड्रेस पाहून सर्वांत लहान तो अ, त्यानंतरचा ब. आता माउस सोडा आणि वहीत लिहा. अ रूट. ब आणि क दोघांचा अ पर्यंतचा खर्च ४. राहिली ब-क ही लिंक. तिथे दोघांचा खर्च सारखाच, म्हणून लहान आयडीचा ब जिंकतो आणि क चा पोर्ट ब्लॉक. पडताळून पाहा. मग अ-ब ही केबल काढून फास्ट इथरनेटच्या पोर्टमध्ये लावा. थेट रस्ता आता १९, पण क मार्गे ४ अधिक ४ म्हणजे ८. ब आपलं तोंड क कडे वळवतो आणि अ कडे जाणारा त्याचा स्वतःचा पोर्ट ब्लॉक होतो. क चा आधी बंद असलेला पोर्ट सुरू! हा बदल आधी वहीत आणि मग पडद्यावर दिसला की विषय तुमचा झाला. उलट क्रमाने केलंत, आधी पडदा आणि मग वही, तर फार काही हाती लागत नाही.

टायमर मुलाखतीपुरते लक्षात ठेवा: हॅलो (किती वेळाने बीपीडीयू पाठवायचा) २ सेकंद, मॅक्स एज (शेवटचा बीपीडीयू किती वेळ ग्राह्य धरायचा) २०, फॉरवर्ड डिले (पोर्ट सुरू होण्याआधीच्या दोन टप्प्यांपैकी प्रत्येकाचा वेळ) १५. जुन्या एसटीपीत पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद, कधी ५० लागायचे. पीसी चालू केल्यावर डीएचसीपीचा (आपोआप दिला जाणारा) आयपी पत्ता न मिळता १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं, पोर्टफास्ट लावलेला नसतो. २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू म्हणजे रॅपिड स्पॅनिंग ट्री आला. त्यात शेजारी-शेजारी थेट विचारून ठरवतात, टायमर संपायची वाट पाहावी लागत नाही. आज नवीन काही उभारायचं तर रॅपिड किंवा एमएसटीच (अनेक व्हीलॅनचे गट करून प्रत्येक गटाला एक झाड देणारा प्रकार).

‘एसटीपी जुना झाला, व्हीएक्सलॅन शिकू का?’ हा प्रश्न हल्ली फार येतो. व्हीएक्सलॅन म्हणजे लेयर ३ च्या, आयपी राउटिंगच्या, नेटवर्कवरून व्हीलॅन पसरवायची पद्धत. डेटा सेंटरमध्ये लीफ-स्पाइन रचनेत (खालचा प्रत्येक स्विच वरच्या प्रत्येक स्विचला जोडलेला) स्विचमधल्या लिंक लेयर ३ वर चालतात, सगळ्या वापरात राहतात, हे खरं आहे. पण कॉलेजं, कारखाने, हॉस्पिटलं, ऑफिसचे मजले इथे आजही स्पॅनिंग ट्रीच राखण करतो, आणि बहुतेकांची पहिली नोकरी तिथेच असते. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस मेडिकल सेंटरचं नेटवर्क सुमारे ४ दिवस कोलमडलेलं होतं आणि हॉस्पिटलला कागदावर काम चालवावं लागलं. नेटवर्क थोडं थोडं करत इतकं वाढत गेलं होतं की मूळ टायमर ज्या ७ स्विचच्या अंतरासाठी बेतलेले असतात, ते अंतर ओलांडलं गेलं होतं. तिथल्या तेव्हाच्या सीआयओंनी (माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांनी), जॉन हलामका यांनी, ही गोष्ट न लपवता इतरांना सांगितली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात सीनियरला विचारून प्रत्येक स्विचवर ‘शो स्पॅनिंग-ट्री’ चालवा. प्रत्येक व्हीलॅनचा रूट कोण, ब्लॉक झालेले पोर्ट कोणते, हे एका कागदावर काढा. प्रायॉरिटीला कुणी हातच लावला नसेल, तर रूटपद केवळ मॅक अ‍ॅड्रेसवर ठरलेलं असतं, आणि स्टोअर रूमजवळचा एखादा जुना स्विच अख्ख्या इमारतीचा रूट होऊन बसलेला सापडतो. सापडला तर लगेच कमांड मारू नका. रूट बदलला की सगळीकडे नव्याने गणित होतं, काही लिंक क्षणभर थांबतात, मॅक टेबल पुसली जातात. चित्र सीनियरला दाखवा, रात्रीची मेंटेनन्स विंडो मागून घ्या, कोअरच्या एका स्विचला २४५७६ आणि त्याच्या जोडीदाराला २८६७२ प्रायॉरिटी द्या, आणि कोअरवरून खाली जाणाऱ्या पोर्टवर रूट गार्ड (तिकडचा स्विच रूट होऊ न देणारी सेटिंग) लावा. बदलानंतर कोणता पोर्ट ब्लॉक होणार, ते विंडो मागतानाच त्या कागदावर लिहून ठेवलेलं असू द्या.