किकचं पुढचं हेड कसं निवडायचं

नाशिकमध्ये ड्रमसेटकडे वळणारी बरीच पोरं ढोलपथकातून येतात. हात तयार असतो, लय पक्की असते, तासन्‌तास वाजवायचा दम असतो. त्यांना एक गोष्ट मात्र पटायला वेळ लागतो. ढोलाची दोन्ही पानं वाजतात, एकीकडे टोल आणि दुसरीकडे थापी. ड्रमसेटमधली किक म्हणजे जमिनीवर आडवा ठेवून पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम; तिचं पुढचं पान, म्हणजे हेड, कोणी वाजवतच नाही, म्हणजे ते कंपनीचं नाव छापायलाच ठेवलंय असा समज होतो. मग सगळा पैसा मागच्या बॅटर हेडवर आणि पेडलवर जातो, आणि किक तरीही पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वाजते.

पेडलचा बीटर, म्हणजे ठोका देणारा दांडा, मागच्या हेडवर आदळला की आतली हवा पुढे रेटली जाते आणि पुढचं हेड हलायला लागतं. आवाज किती लांबणार, त्यात खर्ज किती उरणार, ‘धम्म’ होणार की ‘ठप्प’, हे बरंचसं या पुढच्या, म्हणजे रेझोनंट हेडवर ठरतं. 1970 च्या दशकात स्टुडिओत ते काढूनच टाकायची पद्धत होती. आवाज कोरडा, आखूड मिळायचा आणि माईक थेट आत जायचा. घरी करून बघायला हरकत नाही, पण स्टेजवर असा ड्रम नेला तर टकटक ऐकू येते आणि खालचा भरीव आवाज नाहीसा होतो.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कंपनीचा येतो. माझ्या मते पहिला प्रश्न भोकाचा असायला हवा.

कालिदास कलामंदिरात ऑर्केस्ट्रा असो की गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर लग्नाचं संगीत, साउंडवाला आल्या आल्या विचारतो, “दादा, किकला भोक आहे ना?” त्याला शुअर बीटा 52 किंवा एकेजी डी112 सारखा माईक आत सरकवायचा असतो. आतल्या माईकला बीटरचा ठोका स्वच्छ मिळतो आणि शेजारच्या बास गिटारचा आवाज कमी शिरतो. भोक नसेल तर माईक बाहेर लागतो. मग खर्ज छान येतो, पण ठोका दबतो, आणि गर्दीच्या स्टेजवर साउंडवाल्याची कसरत सुरू होते.

भोकाचा परिणाम पायालाही जाणवतो. बंद हेड असेल तर हवेला वाट मिळत नाही आणि बीटर झटकन परत येतो. बीटर हेडवर दाबून धरायची सवय असलेल्यांचा अशा वेळी एका ठोक्यामागे नको असलेला बारीक दुसरा ठोका पडतो. भोक असलं की हवा बाहेर जाते आणि पेडल मऊ लागतं. शेलवर, म्हणजे ड्रमच्या गोल खोडावर, हवेसाठी बारीक व्हेंट होल असतंच, पण ते एवढं लहान असतं की या कामी त्याचा फार उपयोग होत नाही.

22 इंची किकला चार ते पाच इंचांचं भोक पुरतं, आणि ते मधोमध नको. हेड मध्यभागी सगळ्यात जास्त हलतं, तिथेच भोक पाडलं तर खालचा सूर जातो. कडेला, घड्याळात चार किंवा आठ वाजतात त्या जागी ते चांगलं. भोक सात इंचांच्या पुढे गेलं की हेड असून नसल्यासारखंच होतं. स्वस्त सेटवर मधोमध मोठं भोक दिसलं तर ते हेड बदलायच्या यादीत वर टाका.

बंद हेड वाईट अजिबात नाही. जॅझवाले 18 इंची किकला दोन्ही बाजूंनी बंद हेड लावतात आणि ती किक सुरात गुणगुणते. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅम याची लुडविग कंपनीची 26 इंची किकही बंद हेडचीच. लहान खोलीत माईकशिवाय वाजवणार असाल, किंवा चर्चमध्ये हळुवार साथ करणार असाल, तर बंद हेडची मजा काही और आहे. पण नाशिकमध्ये ड्रमवर चार पैसे कमवायचे म्हटलं की कामं मुख्यतः माईकवालीच मिळतात. म्हणून पहिलं विकतचं हेड भोकवालं घ्या.

आता प्रकार. साधं एकपदरी हेड, उदाहरणार्थ रेमोचं अँबॅसेडर, मोकळं आणि लांब वाजतं. रेमो पॉवरस्ट्रोक 3 किंवा इव्हान्स ईक्यू3 यांच्या कडेला आतून एक पातळ रिंग असते. ती कडेचा झणझणाट शोषते आणि आवाज आटोपशीर ठेवते. अक्वेरियनचं रेग्युलेटर याच कुळातलं. नवीन माणसाने रिंगवालंच घ्यावं, कारण मग उशा आणि ब्लँकेटं कोंबायची गरज फारशी उरत नाही. पार रजई भरलेल्या किकला कुठलंही हेड लावा, फरक कळणार नाही. काळं की पांढरं, हा प्रश्न बाकी फोटोपुरता आहे.

मायलर हेडला पावसाळ्याची भीती नाही. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी ही प्लास्टिकची हेड बाजारात आणली. त्याआधी ड्रमवर वासराचं कातडं असायचं, आणि चामड्याचं पान आषाढात कसं ढिलं पडतं ते पथकवाल्यांना सांगायला नको.

जुनं हेड चांगलं असेल आणि नुसतं भोक पाडायचं असेल तर जुनी सीडी कामाला येते. तिचा व्यास 12 सेंटिमीटर, म्हणजे पाच इंचांना थोडा कमी. हूपपासून, म्हणजे हेड धरून ठेवणाऱ्या कड्यापासून, दोन-तीन इंच आत ठेवून मार्करने गोल काढा. नवी पात घातलेला कटर घ्या, हेडखाली जाड पुठ्ठा ठेवा आणि कटर न उचलता पूर्ण गोल फिरवा. कडेला बारीकशी खाच राहिली तर हेड पुढे तिथूनच फाटत जातं, म्हणून नखाने कड चाचपून बघा. मग वरून प्लास्टिकची रिंग चिकटवा. काही जण डबा गॅसवर तापवून हेडवर टेकवतात. त्याने कड वितळून छान बंद होते, पण धूर घाण असतो आणि एक क्षण हात हलला की सगळं गेलं.

लावताना आधी शेलची कड कोरड्या फडक्याने पुसा. हेड, हूप आणि हूपला पकडणारे क्लॉ बसवून सगळे टी-रॉड, म्हणजे ताण देणारे लांब स्क्रू, बोटांनी घट्ट करा. मध्यभागी तळवा दाबला की कडेला सुरकुत्या दिसतील. मग समोरासमोरचे रॉड अर्धा-अर्धा फेरा पिळत चला, सुरकुत्या गेल्या की थांबा. प्रत्येक लगजवळ, म्हणजे रॉड शेलला जिथे बसतो तिथे, बोटाने टिचकी मारून सूर सारखा करा. मागचं हेड जेमतेम सुरकुती जाईल इतकं सैल आणि पुढचं त्याहून थोडं चढं, हे माझं ठरलेलं. पुढचं चढवत नेलं की ठोका आखडतो आणि सूर वर सरकतो. फार चढवलं की किक फ्लोअर टॉमसारखी, म्हणजे सेटमधल्या पायांवर उभ्या ड्रमसारखी, बोलायला लागते.

खरेदीआधी माप शेलचं घ्या, लाकडी हूपचं नको. 22 इंच म्हणजे जवळपास 56 सेंटिमीटर. हव्या त्या मापाचं भोकवालं हेड नाशिकमध्ये नाही मिळालं तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून धोबी तलावच्या फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात चौकशी करता येते. येताना खोकं रॅकवर उभं खुपसू नका आणि त्यावर कोणाची बॅग येऊ देऊ नका. हेडची कड वाकली की ते शेलवर नीट बसत नाही. पेडलचा मार मागच्या हेडला असतो, पुढचं वर्षानुवर्षं टिकतं, तेव्हा इथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.