ऑटोपायलट लावला की नाक वर-खाली? सर्वोला शिव्या द्यायच्या आधी या चुका टाळा

सोलापुरात घरी विमान बांधतोय म्हटलं की अर्धे हसतात, उरलेले विचारतात होटगी रोडच्या विमानतळावरनं कधी उडवणार. डीजीसीएच्या (सरकारी विमान खात्याच्या) कागदांतनं सुटून एकदाचं उडालं की पहिली तक्रार ठरलेली, ऑटोपायलट लावला की नाक वर-खाली, वर-खाली. मग लोक स्क्रीनवर गेन, म्हणजे ऑटोपायलट किती जोरात दुरुस्ती करतो ते, कमी-जास्त करत बसतात. ते नका करू राव. सर्वो, म्हणजे ऑटोपायलटच्या हुकमावर कंट्रोल हलवणारी मोटर, स्वतः बिघडलेला क्वचितच असतो, घोळ बहुतेक वेळा रॉड, केबल नाहीतर ट्रिममधे (स्टिक सतत दाबून धरावी लागू नये म्हणून करायची जुळणी) असतो, आणि गेन कमी केला की तो नुसता झाकला जातो.

आधी सकाळी शांत हवेत (उन्हाळ्यात दुपारी इथल्या थर्मलमधे, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, काहीच कळत नाही) ऑटोपायलट बंद ठेवून हातानं ट्रिम लावा आणि स्टिक हळूच सोडून बघा. तेव्हाही नाक डोलत असेल तर सर्वोचा काय संबंध?

आता ढिलेपणा. हा प्रकार लई छळतो. सर्वोच्या रॉडला एएन३ बोल्ट असतो, म्हणजे ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी, आणि हार्डवेअरच्या दुकानात पटकन मिळतो ५ मिमीचा ड्रिल, तोच मारला जातो. पाव मिमी खेळ दिसायला काहीच नाही, पण सर्वो तेवढं अंतर रिकामाच फिरतो, मग एलेव्हेटर (शेपटीचा नाक वर-खाली करणारा हलता भाग) एकदम हलतो, मग उलटा फिरतो, झालं डोलणं सुरू. एकानं एलेव्हेटर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं सर्वोचा आर्म हलवायचा, बोटाला टक् टक् लागलं की बोल्ट बदलून भागत नाही, भोकच नीट करावं लागतं.

केबलवाला सर्वो असेल तर टेन्शन कधी लावलं ते आठवा. बॉडीचं अॅल्युमिनियम केबलच्या स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळं मे महिन्यात शेडमधे ४० च्या पुढं पारा असताना बॉडी ताणते, केबल घट्ट वाटते, आणि वर थंड हवेत तीच ढिली पडते. चार मीटर लांबीत २० अंशांच्या फरकाला जवळपास १ मिमी. टेन्शन तापमान बघूनच लावायचं.

सर्वोचा आर्म आणि रॉड पूर्ण स्टिक मागं-पुढं नेल्यावर एका रेषेत येता कामा नयेत. आले तर आर्म पलीकडं पलटतो आणि स्टिक तिथंच अडकते, हे जमिनीवरच बघायचं, हवेत नाही. न्यूट्रलला दोघांत साधारण ९० अंश ठेवा.

ट्रिमचं वेगळंच. रे अॅलन कंपनीच्या ट्रिम सर्वोला पाच बारीक वायरी, त्यातल्या मोटरच्या दोन्ही पांढऱ्या, उलट्या जोडल्या की ट्रिमही उलटा. तपासताना पण लोक फसतात, नाक वर करायचं बटण दाबलं की नेहमीच्या एलेव्हेटरवरचा टॅब (मागच्या कडेची छोटी पट्टी) खाली जायला पाहिजे, वर नाही. नुसता इंडिकेटर बघून खूष होऊ नका, शेपटीपाशी माणूस उभा करा. आणि वेगात असताना एका टिचकीत नाक उडत असेल तर मोटरचा स्पीड कमी करणारा कंट्रोलर लावा.

रेडिओवर बोलायचं बटण दाबलं की नाक हलतं? मग गेन नाही, अर्थिंग आणि अँटेनाची वायर बघा. फक्त अल्टिट्यूड होल्डमधेच डोलत असेल तर स्टॅटिक लाइनची, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उंची मोजणाऱ्या यंत्राला देणाऱ्या नळीची, गळती तपासा.

स्क्रीनवर ट्रिमची सूचना येत असताना ऑटोपायलट तसाच चालू ठेवणं ही तर हमखास चूक. सर्वो सगळं वजन एकटा ओढत असतो, दम संपला की स्लिप होतो, आणि तुम्ही डिस्कनेक्ट दाबलं की नाक झटक्यात जातं. आधी सूचनेप्रमाणे ट्रिम करा, स्टिक घट्ट धरा, मग दाबा. डिस्कनेक्टचं बटण चाललं नाही तर कुठला ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ओढायचा हे न बघता हाताला सापडलं पाहिजे, म्हणून ऑटोपायलट आणि ट्रिमचे ब्रेकर वेगळे आणि हाताजवळ ठेवा.