गार्ड निघाला, मागे कोण? मधल्या ब्लिट्झवर बाहेरून धावण्याची तयारी

मागच्या मोसमात मुलाच्या हायस्कूलच्या नववीच्या अमेरिकन फुटबॉल संघाला मी मदतनीस होतो. एका सामन्यासाठी बाहेरून, म्हणजे मैदानाच्या कडेकडून धावायचे प्ले (ठरवलेल्या चाली) बसवायचं काम माझ्याकडे आलं. समोरचा संघ मधूनच ब्लिट्झ करतो (मागचे बचावपटू चेंडूवाल्यावर धावून येतात) हे व्हिडिओत लख्ख दिसत होतं, म्हणून मी खुशीत स्वीप, म्हणजे चेंडू घेऊन कडेने वळसा घालत धावायची चाल, बसवला. पहिल्याच स्वीपला आमचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) चेंडू धड धरायच्या आत चार यार्ड मागे आडवा झाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चेंडूच सुटला. या वर्षी ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

हेल्मेट, माउथगार्ड, पाणी हे सांगत बसत नाही.

आधी व्हिडिओ बघा, आणि चेंडूकडे न बघता बघा. आपल्या पुढच्या ओळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर आणि गार्डमधली फट म्हणजे ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी. लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या ओळीमागचा गडी) कोणत्या फटीतून, कितव्या डाउनला (प्रयत्नाला), किती यार्ड हवे असताना येतो ते वहीत लिहा. दोन लाइनबॅकर दोन्ही ए गॅपच्या तोंडाशी येऊन उभे राहतात तो प्रकार माइक झिमर प्रशिक्षक असताना (२०१४ ते २०२१) मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाचे सामने पाहिलेल्यांना ठाऊक असेल. त्यात फसवणूक अशी की दर वेळी दोघं येतातच असं नाही. कधी एकच येतो, कधी दोघंही मागे सरकतात. पण आले, तर मात्र संपले. कबड्डीत पकडीला झेपावलेला गडी जसा अर्ध्यातून परतत नाही, तसंच. त्यांच्या मागची फळी रिकामी राहते, म्हणून तर बाहेरून धावायचं. तरी कडेला एंड, कॉर्नर आणि मागून धावत येणारा सेफ्टी हे बचावपटू असतातच. या तिघांची नावं घेऊन कोण कोणाला अडवणार ते ठरवा.

आता गार्ड. हा परिच्छेद दोनदा वाचा.

स्वीपमध्ये गार्ड आपली जागा सोडून बाहेर पळतो, वाट मोकळी करायला. १९६०च्या दशकातला प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींच्या ग्रीन बे पॅकर्स संघाचा स्वीप आठवा: जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन्ही गार्ड एकदम निघायचे. सगळ्यांना ते धावणारे दोघंच आठवतात, मलाही. ते निघाले की त्यांच्या रिकाम्या जागेची काळजी सेंटर आणि टॅकलला घ्यावी लागायची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमचा उजवा गार्ड निघाला, सेंटर समोरच्या नोज टॅकलशी (बचावाच्या मधोमध उभ्या गड्याशी) झुंजत राहिला आणि लाइनबॅकर उजव्या ए गॅपमधून उघड्या दारातून यावा तसा आत आला. ब्लिट्झ जिथून येणार तिथलाच माणूस मी स्वतः काढून घेतला होता! सामन्यानंतर जेवणाच्या टेबलावर मी आमचे चणे आणि त्यांचे राजमे मांडून मुलाला प्ले समजावत होतो. मी गार्डचा चणा उचलून बाहेर नेला. तो काही बोलला नाही, फक्त एक राजमा बोटाने सरळ पुढे ढकलला. रनिंग बॅकपर्यंत वाटेत काहीच नव्हतं.

तेव्हा कागदावर प्रत्येक प्लेखाली लिहा: गार्ड निघाला, मागे कोण? उत्तर नसेल तर गार्ड निघणार नाही. सोपा उपाय म्हणजे साधा टॉस (चेंडू रनिंग बॅककडे मागे टाकणं). कोणी पुल करायचं (जागा सोडून पळायचं) नाही, लाइनमधल्या प्रत्येकाने आपल्या आतल्या फटीत, मधल्या बाजूला तिरकं अडवायचं (डाउन ब्लॉक). मधून घुसणारा आपणहून तुमच्या खांद्यावर येतो, कोन तुमच्या बाजूचा असतो, अंगाने लहान मुलालाही जमतं. बाहेरच्या एंडला आत येणारा रिसीव्हर (कडेला उभा आपला गडी) अडवेल, रनिंग बॅकच्या पुढे फुलबॅक (वाट काढणारा गडी) धावेल. पुल ठेवायचाच असेल तर लाइनवर उभं राहिल्यावर तो रद्द करणारा एक शब्द ठेवा. आम्ही ‘डेन्व्हर’ ठेवला, ड म्हणजे डाउन ब्लॉक. सेंटरने ओरडायचा, कारण फट त्याला दिसते. आणि तो शब्द सरावात रोज ओरडायला लावा. मागे कोण?

रिसीव्हरला एक ताकीद: आंधळ्या बाजूने (ज्याला तुम्ही येताना दिसत नाही त्याला) अडवताना हात उघडे, पुढे. हायस्कूलमध्ये २०१७पासून हा नियम आहे, खांदा घातला की १५ यार्ड गेले. आणि तो रिसीव्हर आत गेला की त्याच्यामागे लागलेला कॉर्नर मोकळा होऊन वर येतो. त्याला फुलबॅकने घ्यायचं, एंडला नाही. हे दोन सराव घेतल्याशिवाय मुलांच्या डोक्यात उतरत नाही.

टॉस हा मागे टाकलेला चेंडू. हातून निसटला तर तो जिवंत असतो, समोरचा उचलून पळू शकतो. आमचा असाच गेला. ओल्या चेंडूने सराव करा, बादलीत बुडवून. भीती वाटत असेल तर जेट स्वीपमध्ये (एक जण आडवा धावत येऊन चेंडू घेतो) क्वार्टरबॅकने (चेंडू वाटणाऱ्याने) चेंडू पुढच्या दिशेने हलकेच टोलवावा. तो फॉरवर्ड पास ठरतो, पडला तर नुसता अपूर्ण. मात्र स्नॅपच्या (सेंटर चेंडू मागे देतो त्या) क्षणी एकच जण हलता हवा, आणि तोही पुढे येणारा नको.

मैदान १६० फूट रुंद. हायस्कूलच्या हॅश रेषा त्याचे तीन सारखे भाग करतात, आणि प्रत्येक प्ले या दोन रेषांवर किंवा त्यांच्या मध्ये सुरू होतो. चेंडू उजव्या हॅशवर असेल तर उजवीकडे जेमतेम ५३ फूट, डावीकडे दुप्पट. मुलं तरी उजवीकडेच धावतात, कारण सरावात तसंच केलेलं असतं. रुंद बाजूचे प्ले वेगळ्या रंगाने लिहा.

रनिंग बॅकला: आत वळू नकोस. कडा दिसेपर्यंत तर नाहीच.

आदल्या दिवशी बिनधडकेची फेरी, मनगटपट्ट्यावर चारच प्ले. स्नॅपला ४० सेकंद असतात. क्वार्टरबॅकने एकदा खोटी आरोळी द्यावी, ब्लिट्झ करणारे पुढे झुकतात का ते बघावं. झुकले तर टॉस.

दुसऱ्या हाफला समोरचे शहाणे होऊन माणूस कडेला नेतील. मग मधून ट्रॅप खेळा (बचावपटूला आत येऊ देऊन गार्डने त्याला बाजूने अडवायचं). त्यातही गार्ड निघतो. मागे कोण, ते लिहिलंय का?