पिकअपचे टायर बदलताना: दिसणं हवं, पण मायलेजही सांभाळा

पिकअपला रांगडे, खोल खाचांचे टायर शोभून दिसतात, यात वाद नाही. पण गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावरच धावणार असेल तर मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठी बनवलेले, टायर घेऊच नका. जाड रबराचे मोठे ठोकळे फिरताना सतत दबतात, त्यात इंधन वाया जातं आणि आवाजही होतो. थोडा रांगडेपणा हवाच असेल तर सौम्य खाचांचा ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारा टायर पाहा. बाजूच्या भिंतीवर ठसठशीत नक्षी आणि उठावदार पांढरी अक्षरं असलेले असे टायर मिळतात. अर्धा रुबाब तिथेच येतो, आणि त्या नक्षी-अक्षरांनी मायलेजला धक्का लागत नाही.

खरी गडबड होते ती साइज वाढवताना. २६५/७० आर१७ (रुंदी २६५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंच) काढून २८५/७० आर१७ बसवला, तर व्यास सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो. मग ओडोमीटर तेवढंच कमी अंतर दाखवतो आणि मायलेज आहे त्याहून वाईट पडल्यासारखं वाटतं. टायर रुंद आणि जड झाल्यामुळे होणारा तोटा मात्र खराच असतो. म्हणून मूळ साइजच ठेवावी, हे माझं ठाम मत.

एलटी (लाइट ट्रक) प्रकारचा, म्हणजे जास्त भारासाठी बनवलेला टायर जड माल नेहमी वाहायचा असेल तरच घ्या. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मात्र कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीच नको. हवा दर महिन्याला, टायर थंड असताना तपासा.