सव्वीस जानेवारीचे रोडगे: आर पडेपर्यंत हात आवरा

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी नागपुरात फुटाळ्यावर गाडी लावायला जागा नसते आणि अंबाझरीला तलावापेक्षा माणसंच जास्त दिसतात. काटोल, उमरेड किंवा हिंगणा रोडला ओळखीचं शेत असेल, तर त्या दिवशी रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात (निखाऱ्यांत) भाजलेले कणकेचे गोळे, करावेत. पोट्टे झेंडावंदन करून दहापर्यंत मोकळे होतात. साडेदहाला घर सोडलं की दीडला पंगत बसते.

शेतमालकाला आधी विचारा आणि आग नेमकी कुठे करायची, हेही त्याच्याकडूनच ठरवून घ्या. जानेवारीत तूर वाळलेली असते, पऱ्हाटी (कपाशी) उभी असते. ठिणगीला एवढं पुरतं. मोकळं, नांगरलेलं ढेकळाचं रान किंवा विहिरीजवळची उघडी जागा बरी. गोरेवाड्याकडच्या झाडीत किंवा कुठल्याही जंगलाच्या कडेला चूल मांडू नका.

दहा माणसांना लागतं ते असं: जाडं दळलेली कणीक अडीच किलो, मोहनाला पाव लिटर फल्लीतेल (शेंगदाण्याचं), वरून अर्धा किलो तूप, दोन किलो लहान वांगी, अर्धा किलो आलू, अर्धा किलो तुरीचे सोले, अर्धा किलो तूरडाळ. कणीक आदल्या दिवशीच दळून आणा, सुट्टीला चक्की उघडी असेलच असं नाही. चक्कीवाल्याला ‘रोडग्यासाठी’ म्हटलं की पुरे. पोळीचंच पीठ असेल, तर तीन वाट्या पिठाला एक वाटी रवा मिसळा. नुसत्या बारीक पिठाचा रोडगा चामड्यासारखा होतो.

गोवऱ्या वीतभर रुंदीच्या, साधारण पन्नास. घेताना एक मोडून पाहा. कट्कन तुटली तर घ्या, वाकून तुटली तर ती ओली आहे. दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकल्या की निर्धास्त.

वरण घरूनच शिजवून न्या, तिथे फक्त फोडणी द्या. भाजीचा मसालाही (भाजलेला कांदा, खोबरं, फल्लीदाण्याचा कूट) घरूनच वाटून न्या. तीन दगडांवर मोठा गंज (पातेलं) चढवा, भाजी करा, रस्सा पातळ ठेवा. रोडगा भरपूर रस्सा पितो. वरून मूठभर सांभार (कोथिंबीर). भाजीचं एवढंच.

पोचल्यावर सगळ्यात आधी गोवऱ्या पेटवायच्या, मग कणीक भिजवायची. बहुतेक जण उलटं करतात आणि रोडगे वळून झाल्यावर धुराकडे बघत बसतात. गोवऱ्या एकमेकींना टेकून उभ्या रचा, मधे पोकळी ठेवा, तिथे तुराट्यांचा चुरा आणि कापराच्या दोन वड्या. घासलेट ओतायचा सल्ला देणाऱ्याला भाजी ढवळायला बसवा. गोवरी ते शोषून घेते आणि वास थेट रोडग्यात उतरतो. लाकडाचा आरही नको. त्याची आच तिखट असते, वरून कोळसा होतो आणि आत कच्चं राहतं.

कणीक घट्ट भिजवा. किलोला साधारण अर्धा लिटर पाणी, तेही बेताबेतानं, तीन चमचे मीठ, दोन चमचे ओवा. वीस मिनिटं झाकून ठेवा. सोडा घालू नका, तो साध्या गोळ्याची लाज राखायला असतो. रोडग्याचं काम पदर करतात. एका रोडग्याच्या कणकेचे तीन भाग करा. पहिल्याचा गोळा. दुसऱ्याची पुरी लाटून तिला तेल आणि चिमूटभर कोरडं पीठ लावा आणि तेलाची बाजू आत ठेवून गोळ्यावर गुंडाळा. तिसऱ्याची त्यावर तशीच. पदरांमधून वाफ फिरते, म्हणून मधला गोळा शिजतो. आकार लहान संत्र्याएवढा, त्याहून मोठा नको. अडीच किलोत पंचवीसेक होतात.

आता आर. जमलेला रोडगा इथेच बिघडतो, आणि कारण जवळपास नेहमी एकच असतं: घाई. ज्वाळा बसल्या म्हणजे आर पडला, असं नाही. धूर पूर्ण थांबायला हवा. गोवरी आतून लाल आणि वरून पांढुरकी दिसायला हवी. त्याला पाऊण तास लागतो. कुठूनही धुराची रेघ निघत असेल, तर आत काळी, न जळलेली गोवरी आहे. ती काठीनं वर काढा आणि थांबा. भुकेलं गणगोत भोवती उभं राहून ‘झालं ना आता’ म्हणेल. ऐकू नका, त्यांच्या हाती संत्री द्या.

आर काठीनं सारखा करा, चार बोटं जाडीचा. पार चुरा करू नका, चुऱ्याची आच लवकर मरते. तळहात वीतभर उंचीवर धरा. लगेच मागे घ्यावा लागला तर अजून थांबा, चार-पाच आकडे मोजता आले तर ठेवा.

रोडगे दोन-दोन बोटं अंतरावर मांडा आणि पहिली दहा-बारा मिनिटं उघडेच, चिमट्यानं फिरवत भाजा. वरची कातडी कडक होऊन तपकिरी डाग पडले पाहिजेत. हा टप्पा गाळून कच्चेच रोडगे पुरले, तर राख कणकेत रुतते. मग कितीही झाडा, दाताखाली कचकचतेच. कातडी धरली की निखारे बाजूला सारा, रोडगे गरम राखेत बसवा, वरून राख आणि तिच्यावर निखारे. पंचवीस-तीस मिनिटं. मधे एकदाच उलटायचे. दर पाच मिनिटांनी उकरून पाहणाऱ्याच्या हातून काठी काढून घ्या, कारण प्रत्येक उकरण्याला आच निघून जाते. वारा असेल, तर वाऱ्याच्या बाजूचे निखारे भडकतात आणि तिकडचे रोडगे आधी होतात. ते तसेच आधी काढा.

झालेला रोडगा तडकतो. टिचकी मारली की पोकळ वाजतो. तरी एक मधला आणि एक कडेचा फोडून पाहा. कडेचा नेहमी मागे असतो. आत ओलसर चमक दिसली, तर आणखी दहा मिनिटं.

राख झाडायला कोरडं जाडं कापड. दोघांनी टोकं धरून रोडगे त्यात घोळवायचे. ओलं फडकं लावलं, तर राखेचा लेप बसतो. मग हातानं फोडून, गरम असतानाच तुपात. थंड रोडग्यात तूप मुरत नाही, वरच गोठतं.

जेवणानंतर उरलेल्या आरावर हरभऱ्याचे घाटे भाजता येतात. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि उघड्या रानात गारठा लगेच चढतो, म्हणून पाचला आवरा. निघण्याआधी आरावर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. राखेखालची गोवरी रात्रीपर्यंत धुमसू शकते. उरलेले रोडगे सकाळी कुस्करून, गूळ-तूप घालून खावेत.