स्मिता पाटीलचं सर्वोत्तम काम कोणतं? वादाला बसण्याआधीची तयारी

स्मिता पाटीलची सर्वोत्तम भूमिका कोणती, या प्रश्नावर वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या घरी एक संध्याकाळ वाद घालायचं ठरलं असेल, तर आधी तारीख नीट निवडा. १७ ऑक्टोबर हा तिचा जन्मदिवस आणि १३ डिसेंबर हा स्मृतिदिन. माझं ऐकाल तर ऑक्टोबरच घ्या. १९८६ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली, याची हळहळ आपल्याकडे अजून ओसरलेली नाही. डिसेंबरात जमलेली माणसं नकळत श्रद्धांजलीच्या सुरात बोलायला लागतात आणि त्या सुरात कुणीही ‘हे काम मला कमी वाटलं’ असं म्हणायला धजत नाही. तिच्या अभिनयाचा मान राखायचा असेल, तर तो तपासून पाहण्याची मोकळीक हवी.

तारखेआधी निदान महिनाभर तरी हाताशी ठेवा, कारण आठवणीवर हा वाद घालता येत नाही. शाळेत असताना दूरदर्शनवर पाहिलेला ‘उंबरठा’ आणि आज सलग बसून पाहिलेला ‘उंबरठा’ यांत फार फरक पडतो. येणाऱ्या प्रत्येकाने चार चित्रपट पुन्हा पाहून यावेत, एवढी अट घाला: ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’ (दोन्ही १९७७), ‘चक्र’ (१९८१) आणि ‘उंबरठा’ (१९८२). ज्यांना जमेल त्यांनी ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्थ’ आणि ‘मिर्च मसाला’ही पाहावेत. यादी यापेक्षा वाढवू नका. श्याम बेनेगल, मृणाल सेन, सत्यजित राय, केतन मेहता, अरविंदन अशा दिग्दर्शकांकडे आणि हिंदी-मराठीखेरीज गुजराती, बंगाली, मल्याळम चित्रपटांतही तिने काम केलं आहे. सगळं घ्यायला गेलात तर दोन तास नुसती नावं घेण्यात जातील.

‘उंबरठा’च्या बाबतीत एक गोष्ट आधी ठरवून घ्या. तो मराठीत ‘उंबरठा’ आणि हिंदीत ‘सुबह’ असा दोन्ही भाषांत झाला आणि दोन्हींत सुलभा महाजन स्मितानेच केली. वाद कुठल्या आवृत्तीवर, हे निमंत्रणातच लिहा. मात्र ज्याला या भूमिकेची बाजू मांडायची आहे त्याने दोन्ही पाहाव्यात. एकच बाई, एकच प्रसंग, पण भाषा बदलली की वाक्य कुठे तुटतं, श्वास कुठे घेतला जातो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायला मिळणं दुर्मीळ आहे.

पुरस्कारांचा कागद तयार ठेवा, पण तो दोन मिनिटांत बाजूला सारण्यासाठी. अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी मिळाला. ‘अर्थ’मध्ये ती आणि शबाना आझमी समोरासमोर होत्या आणि राष्ट्रीय पुरस्कार शबानाला गेला. १९८५ साली पद्मश्री. यातून एवढंच सिद्ध होतं की त्या त्या वर्षीच्या परीक्षकांना काय भावलं. ‘भूमिका’च्या बाजूने बोलताना मी स्वतः हा मुद्दा कधीच वापरत नाही. तो वापरला की समोरचा ‘चक्र’ पुढे करतो आणि चर्चा अभिनयावरून उठून ट्रॉफ्यांवर जाऊन बसते.

आता खरी तयारी. प्रत्येक बोलणाऱ्याने आपल्या निवडीचा एकच प्रसंग आणायचा, तीन-चार मिनिटांचा, आणि त्यात ती काय करते ते सांगायचं. पात्र किती धीट आहे, विषय किती महत्त्वाचा आहे, चित्रपटाने समाजावर काय परिणाम केला, हे सगळं खरं असलं तरी ते लेखकाचं आणि दिग्दर्शकाचं श्रेय झालं. सुलभा घर सोडून महिलाश्रमाची नोकरी धरते, ते शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीत होतं आणि विजय तेंडुलकरांनी पटकथेत आणलं. त्यात स्मिताने स्वतःचं काय घातलं, हा आपला प्रश्न. आपल्याकडच्या चर्चा इथेच घसरतात. आपण सुलभाच्या बाजूचे असतो आणि म्हणून ते काम सर्वोत्तम ठरवून टाकतो.

क्लिपा निवडताना दोन चाचण्या आधी घरी करून पाहा. पहिली, गाण्याचा प्रसंग आवाज बंद करून बघायचा. ‘जैत रे जैत’ची चिंधी घ्या. गो. नी. दांडेकरांची कथा, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि कर्नाळ्याचा तो परिसर, एवढा सगळा ऐवज एका बाजूला असताना प्रेक्षक आधीच जिंकलेला असतो. आवाज बंद केल्यावर उरतं ते तिचं चालणं, खडकावर बसणं, मोहन आगाशेंच्या नाग्याकडे बघताना मान किंचित खाली घालून डोळे मात्र वर ठेवणं. माझ्या मते चिंधी या चाचणीत उत्तम टिकते. ‘उंबरठा’तल्या ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’लाही हीच चाचणी लावा. सुरेश भटांचे शब्द आणि लताबाईंचा स्वर वजा केल्यावर त्या प्रसंगातलं किती काम स्मिताचं उरतं, हे प्रामाणिकपणे पाहा. तिथे माझा उत्साह जरा उतरतो.

दुसरी चाचणी उलटी. चित्र झाका आणि नुसतं ऐका. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी, तिचा आवाज मुळातच थोडा खालचा आणि भरीव. ‘भूमिका’मध्ये तो वयानुसार बदलत जातो, आणि बदलतो म्हणजे कुठेही मुद्दाम घोगरा किंवा किनरा केलेला नाही. तरुण उषाच्या बोलण्यात वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य येतं. नंतरच्या उषाच्या बोलण्यात प्रत्येक वाक्यानंतर थोडी जागा राहते. कान देऊन ऐकल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

‘चक्र’ची बाजू घेणाऱ्याने एका आक्षेपाची तयारी करून यावं. झोपडपट्टीतली अम्मा, वयात आलेल्या मुलाची आई, आणि ती साकारणारी स्मिता पंचविशीतली, शिरपूरच्या राजकारणी घराण्यातली, पुण्यात वाढलेली. ‘हे बाहेरून उभं केलेलं वाटतं’ असं कुणीतरी म्हणणारच. त्याला उत्तर म्हणून जयवंत दळवींच्या कादंबरीचे दाखले देऊ नका. अम्मा उकिडवी कशी बसते, पदर खोचताना हात किती सराईतपणे जातो, लुका आणि अण्णा या दोन पुरुषांशी बोलताना तिचं अंग किती वेगवेगळं वागतं, ते दाखवा. आंघोळीच्या प्रसंगाचाही विषय निघेल, कारण पोस्टरवर तोच छापला गेला होता. चित्रपटात तो प्रसंग साधा आहे, रोजच्या कामासारखा. पोस्टरने त्याचं जे केलं त्याचा हिशेब स्मिताच्या अभिनयातून वळता करू नये. बैठकीला शाळकरी मुलं असतील तर कुठली क्लिप दाखवायची, हे आधीच पालकांशी बोलून घ्या.

‘आक्रोश’मधली नागी म्हणजे थोडक्या मिनिटांचं काम. ओम पुरीचा लहान्या गप्प आणि ती आठवणीत. कुणी ते सर्वोत्तम म्हणणार नाही, पण एका प्रसंगात माणूस उभा करण्याचा नमुना म्हणून क्लिप हाताशी असू द्या. ‘मिर्च मसाला’ तिच्या मृत्यूनंतर, १९८७ साली प्रदर्शित झाला आणि शेवटची विळा हातात घेतलेली सोनबाई आपल्या मनात तिचा निरोप होऊन बसली आहे. त्या प्रतिमेला बाजूला ठेवून आधीची सोनबाई पाहा. सुभेदाराला थप्पड मारल्यानंतरच्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जी भीती येते, ती मला शेवटच्या फ्रेमपेक्षा मोठी वाटते. आणि कुणी काकू ‘आखिर क्यों’ म्हणाल्या तर त्यांना हसू नका. तो चित्रपट घराघरांत बायकांनी रडत पाहिला आहे. त्यांनाही एक प्रसंग आणायला सांगा.

माझी बाजू ‘भूमिका’ची आहे, तेव्हा तिची तयारी जरा सविस्तर सांगतो. आधी अभिनेत्री हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ वाचा. बेनेगलांनी चित्रपट या आत्मकथनावर बेतला. पुस्तकातल्या हंसाबाई स्वतःबद्दल बोलताना कसलीच सफाई देत नाहीत, आणि चित्रपटातली उषाही देत नाही. अवघड गोष्ट नेमकी ही. सुलभा घर का सोडते हे आपल्याला कळतं, पटतं. उषा मात्र केशव दळवीशी लग्न का करते, राजनचं प्रेम समोर असताना त्याच्याकडे का जात नाही, सुनील वर्माबरोबर मरायला का तयार होते, काळ्यांच्या वाड्यात जाऊन का राहते, याचं उत्तर कुठल्याच संवादात दिलेलं नाही. अमोल पालेकर, अनंत नाग, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी, अशा चार जबरदस्त नटांसमोर ती चार वेगळ्या बायका होते आणि तरी आतली उषा एकच राहते. केशवसमोर तिचे खांदे ताठ, सुनीलसमोर हसण्यात एक धोका, काळ्यांच्या घरी सुरुवातीला खरोखरचं समाधान. तो समाधानाचा भाग लोक विसरतात. आधी ती तिथे रमते, म्हणूनच पुढे वाड्याबाहेर पडायला मनाई होते तेव्हाचा तिचा चेहरा बघवत नाही. आणि हे सगळं करताना तिचं वय जेमतेम एकवीस-बावीस, तर पडद्यावर मुलीचं लग्न झालेली बाई.

क्लिप म्हणून लोक नाचाचा प्रसंग आणतात. आणा, पण शेवटचा हॉटेलच्या खोलीतलाही आणा. मुलगी तिला आपल्याकडे राहायला बोलावते, ती नकार देते आणि नंतर राजनचा फोन येतो. तिथे संवाद जवळपास नाहीतच. कॅमेरा गोविंद निहलानींचा, त्यामुळे प्रकाशाला किती श्रेय द्यायचं यावर भांडायला हरकत नाही. मी त्या भांडणाची वाट बघतो.

माझ्याविरुद्ध बोलणाऱ्याला मी स्वतःच हत्यार सुचवतो. ‘उंबरठा’त सुलभा घरी परतते आणि गिरीश कर्नाडांचा सुभाष दुसऱ्या बाईबद्दल कबुली देतो, तो प्रसंग. तिथे स्मिता रडत नाही, चिडत नाही, ऐकते. इतकं पूर्ण ऐकणं मी पडद्यावर फार थोड्या नटांत पाहिलं आहे. ‘भूमिका’ला कुणी हरवणार असेल तर या प्रसंगाने, गाण्याने किंवा विषयाने नव्हे.

उरली व्यवस्थेची कामं. क्लिपा एकाच लॅपटॉपवर, वेळा लिहून, आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये प्रोजेक्टर आणि स्पीकरवर चालवून बघा. जुन्या प्रिंटमध्ये आवाज बारीक असतो आणि पंख्याच्या घरघरीत ‘भूमिका’चा शेवट ऐकूच येत नाही. सगळ्यात बोलघेवड्या माणसाला सूत्रसंचालन द्या, म्हणजे त्याला बाजू घेता येणार नाही. प्रत्येकाला सात मिनिटं, क्लिप धरून. आल्या आल्या सगळ्यांकडून आपलं मत एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती न उघडता ठेवा. शेवटी पुन्हा चिठ्ठ्या घ्या, यावेळी भूमिकेच्या नावाखाली ज्या प्रसंगामुळे मत ठरलं किंवा बदललं तो लिहायचा. मोजताना नुसत्या मतांची बेरीज जाहीर करू नका. बदललेल्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा आणि त्यांवरचे प्रसंग मोठ्याने वाचा. वेळ उरला तर त्यातला ज्याचं नाव सर्वांत जास्त आलं तो पुन्हा एकदा लावा, दिवे घालवून, मध्ये कुणीही न बोलता.